साहेबांनी खाल्लेले साडेतीन रोडगे

थंडीत उघड्यावर झोपायला सामान लागतं, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की उघड्यावर झोपायला फक्त घरात भांडण व्हावं लागतं.

हे ज्ञान मला दिलं आमच्या चांदोरकर साहेबांनी. साल त्र्याहत्तर. साहेब डेहराडूनहून बदलून नागपूरला आले, ते एक ट्रंक आणि एक विलायती कॅटलॉग घेऊन. जंगलात मुक्काम करणाऱ्या लोकांचं सगळं सामान त्या कॅटलॉगात चित्रांसकट होतं. घडी होणारी करवत. पाठीला लटकवायचं फावडं. हातभर लांबीची कुऱ्हाड आणि तिच्या पात्याला चामड्याचं टोपडं. ओल्या लाकडालासुद्धा पेटवणारी चकमकीची कांडी. आणि माणसानं आत शिरून झोपायची पिशवी. दुपारच्या सुटीत साहेब डबा बाजूला सारून तो कॅटलॉग उघडत, आणि सासरी निघालेल्या मुलीच्या बापानं रुखवत पाहावं तसे एकेका वस्तूकडे पाहत बसत.

माझ्या अंगात दोन खोडी आहेत. एक कुतूहल आणि दुसरी थाप. एकेकटी असली तर दोन्ही निरुपद्रवी. पण त्या दिवशी सही घ्यायला गेलो, पिशवीचं चित्र उलटं दिसत होतं म्हणून मान वाकडी करून पाहिलं, आणि साहेबांनी विचारलं, "मानकर, तुम्हाला या विषयात गोडी आहे?"

आता इथं माझी अवस्था सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला उगाच खोटारडा म्हणाल. मी सहा वर्षं तात्पुरता कारकून होतो. दर एकतीस मार्चला मला काढायचे आणि दोन एप्रिलला परत घ्यायचे. एक एप्रिलला मी बेकार. तो सगळा दिवस मी घरात खिडकीपासून लांब बसून काढायचो, कारण वाडीच्या आमच्या चाळीत तारखा लक्षात ठेवणारी माणसं फार. मला कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर आली होती. सगळे रकाने भरलेले. एकच उरला होता, 'कर्मचारी विश्वासार्ह आहे काय?' साहेब म्हणाले होते, "माणूस ओळखल्याशिवाय मी हे लिहीत नसतो."

तेव्हा साहेबांनी गोडी विचारल्यावर मी नुसतं "हो" म्हणून थांबलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी म्हणालो, "साहेब, मेळघाटात तीन रात्री काढल्या आहेत. पौषातली थंडी. अंगावर एक पंचा, हातात एक विळा."

"काय सांगता!"

"दुसऱ्या रात्री अस्वल आलं."

"मग?"

"मग काय साहेब, त्यालाही थंडी होतीच. शेकोटीच्या त्या अंगाला बसलं. पहाटे उठून गेलं."

एवढ्यावर माणूस एकतर हसतो किंवा उठवून लावतो. साहेबांनी पेन्सिल काढली. "शेकोटी कोणत्या लाकडाची होती? अस्वल वाऱ्याच्या बाजूला बसलं की आडोशाला? खाली काय अंथरलं होतं तुम्ही?"

थाप मारणाऱ्याला संशयी माणसाची भीती नसते, हे अनुभवाचे बोल लिहून ठेवा. संशयी माणूस एकच प्रश्न विचारतो, खरं का? 'खरं' म्हटलं की सुटका. कुतूहल असलेला माणूस मात्र शंभर प्रश्न विचारतो, आणि एकावरही संशय घेत नाही. अर्ध्या तासात मी त्या अस्वलाला एक पाय लंगडा, डावा कान फाटका आणि थोडासा खोकला दिला. शेवटी साहेबांनी कॅटलॉग मिटला.

"तर मग ठरलं. येत्या शनिवारी तुम्ही आणि मी, एक रात्र जंगलात. सामानाची जबाबदारी तुमची. आणि हो, तुमच्या फाईलचंही तिथंच पाहू. जंगलात माणूस कळतो."

घरी येऊन मी गोपिकेला सगळं सांगितलं. आमच्या सौभाग्यवतींचा स्वभाव असा, की मोठ्या संकटात त्या बारीक प्रश्न विचारतात.

"अस्वलाले खोकला काहून दिला?" ती म्हणाली.

"सुचला."

"मंग आता त्याच अस्वलाले म्हणा, सामान आणून दे."

विलायतेहून वस्तू मागवायच्या तर बोटीला तीन महिने, आणि माझ्याकडं होते पाच दिवस. पण आमची वाडी ही काही साधी वस्ती नाही. अमरावती रोडवर ट्रक थांबतात, गोदामं आहेत, आणि ज्या ठिकाणी ट्रक थांबतात तिथं जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी मिळते. आमचे घरमालक मनोहरराव यांचाच एक ट्रक होता. त्यांच्याकडं तंबू मागितला, तर त्यांनी ट्रकवरची ताडपत्री काढून दिली. "दहा टन माल झाकते हे. तुमचा साहेब कितीक टनाचा हाय?"

ताडपत्री अंगणात उलगडली आणि अख्खी चाळ शिंकायला लागली. मागच्याच खेपेला तिच्याखाली भिवापुरी मिरची आली होती. यमुताई समोरच्या खोलीत राहायच्या, वय सत्तर, शकुनांवर पक्का विश्वास. एक शिंक झाली तर काम थांबवावं, दोन झाल्या तर करावं, एवढं त्यांना माहीत होतं. चाळीत मिळून दोनशेच्या वर शिंका झाल्यावर काय करावं, हे शास्त्रात नव्हतं. त्या बोटांवर मोजत बसल्या आणि शेवटी नाद सोडून स्वतःच शिंकल्या.

पिशवीचा प्रश्न यमुताईंनीच सोडवला. "गोधडी आहे ना घरात? दुमडून दोन बाजूनं शिवून टाकते. दाभण आणा." मंगळवारी संध्याकाळी पिशवी तयार झाली. मी अंगणात साऱ्यांसमोर आत शिरलो. शिरताना पायाकडून शिरलो आणि सोपं वाटलं. यमुताईंनी ऊब राहावी म्हणून तोंड बारीक ठेवलं होतं. आतून मी सांगितलं, "फार छान आहे," आणि ते खरंच होतं. पाच मिनिटांनी म्हणालो, "आता निघतो." निघता येईना. हात आत अंगाला चिकटलेले. उठून बसावं तर कमरेत वाकायला जागा नाही. मी जसा जसा धडपडलो तसा तसा दाराकडून नालीकडं सरकायला लागलो.

"बाप्पा!" यमुताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "असं तं मेल्यावर बांधते माणसाले!"

लोक जमले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरनं गाडी थांबवून, हात जोडून विचारलं, "कब हुआ?" मी आतून ओरडलो, "अभी जिंदा हूँ!" त्यावर तो बिचारा गाडी बंद न करता पळाला. मनोहररावांचं मत पडलं की मला उभं करून वरून ओढावं, पोत्यातून कापूस ओढतात तसं. गोपिकेनं मात्र कुणाचं न ऐकता ब्लेडनं एक बाजू उसवली. पुढं त्या उसवलेल्या बाजूला तिनं तिच्या जुन्या पोलक्याची अकरा हुकं लावून दिली. पिशवी उत्तम झाली. एकच अडचण, हुकं बाहेरून लागायची. म्हणजे दोघं झोपणार असतील तर एकाचीच सोय, दुसऱ्याची हुकं लावायला कोण? मी ठरवलं, साहेबांना आत घालायचं, हुकं लावायची, आणि मी जागत बसायचं. सकाळपर्यंत साहेब माझ्या ताब्यात. फाईलीच्या दृष्टीनं ही परिस्थिती वाईट नव्हती.

कुऱ्हाड लाकडाच्या टालेवरून उसनी आणली. आता राहिला परवाना. जंगलाचं जे ऑफिस होतं तिथला कारकून माझ्यासारखाच तात्पुरता असावा, कारण तो फार काळजीपूर्वक वागत होता. त्याच्या छापील अर्जात जंगलात जाण्याची कारणं दिली होती, बांबू, तेंदूपत्ता, डिंक, मोह, जनावर हरवणे. मुक्काम हे कारण नव्हतं.

"जनावर हरवलं असं लिहा," तो म्हणाला.

"पण हरवलं नाही."

"मग मुक्कामाला काहून जाता?"

"थंडी कशी लागते ते पाहायला."

त्यानं अर्ज खाली ठेवला. "इथं नाही लागत का?"

प्रश्न बिनतोड होता. मी स्वतःही तो नंतर खूपदा स्वतःला विचारला. शेवटी त्यानं पट्टी घेऊन, हातानं 'इतर' असा नवा रकाना आखला. मग नवा रकाना आखल्याबद्दल वरिष्ठांची मंजुरी घ्यायला दीड दिवस गेला. मंजुरी आली. परवान्यावर लिहिलं होतं, इसम दोन, रात्र एक, कारण इतर.

शनिवारी सकाळी मनोहररावांच्या ट्रकनं निघालो. साहेब दुपारी जीपनं येणार होते. गोपिकेनं डबा दिला नाही, कारण कॅटलॉगातल्या लोकांना डबा नसतो. तिनं जाडसर कणीक दिली, तुपाचा डबा दिला, मीठ दिलं, आणि पहिल्यांदा जातोय म्हणून वर एक नारळ. मी पीठ हातानं तोलून म्हटलं, "दोघांना एवढं?" ती म्हणाली, "साहेबाले जेवू घालाचं तं पाच माणसाचं न्यावं. उरलं तं वापस आणा." मग ट्रकशी येऊन हळूच म्हणाली, "हे बघा, अस्वलाची गोष्ट आता वाढवू नका. आहे तेवढ्या वयाचंच राहू द्या त्याले."

कोंढाळीच्या अलीकडं डाव्या हाताला आत वळलं की एक तलाव लागतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. वाटेवर नाका होता आणि नाक्यावर रुपराव नावाचे रखवालदार. त्यांनी परवाना दोनदा वाचला आणि मग माझ्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडं पाहिलं.

"हे आत नाही जात."

"परवाना आहे ना."

"परवान्यात इसम दोन लिहून हाय. कुऱ्हाड कुठी लिहून हाय?"

"अहो, कुऱ्हाडीशिवाय जंगलात मुक्काम कसा करणार?"

"जंगलात कुऱ्हाड नाही पाहिजे, याच्याचसाठी तं मले इथं बसोलं," रुपराव शांतपणे म्हणाले. कुऱ्हाड त्यांनी ठेवून घेतली, पावती दिली, आणि पावतीवर कुऱ्हाडीचं वर्णन 'दांड्यासह, बोथट' असं केलं. ते वाचून मला कुऱ्हाडीबद्दल वाईट वाटलं. "अन् आयका, एक काडी बी तोडाची नाही जंगलातली."

"मग जाळायचं काय?"

"गोवऱ्या जाळा ना. घरी पडून हायेत माह्या. दोन पोते देतो."

अशा रीतीनं विलायती कॅटलॉगातल्या कुऱ्हाडीऐवजी मी दोन पोती गोवऱ्या घेऊन जंगलात शिरलो. आणि गोवऱ्या हाती आल्यावर विदर्भातल्या माणसाच्या डोक्यात जे येतं तेच माझ्याही आलं, रोडगे. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर कणकेचे, पदरावर पदर देऊन मुठीएवढे गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, तासाभरानं काढून राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. तवा नको, पातेलं नको. साहेबांचा कॅटलॉग म्हणत होता, भांड्याविना शिजवणे ही वनजीवनाची कसोटी. मला वाटलं, ही कसोटी तर आमच्या आज्या रोज देत होत्या.

तलावाकाठी जागा मोठी छान सापडली. सपाट जमीन, मागं पळसाचं मोठं झाड, समोर पाणी. ताडपत्री एका बाजूनं पळसाला बांधली. दुसऱ्या बाजूला खुंट्या ठोकल्या, तर खाली मुरूम. खुंट्या आत जाण्याऐवजी वाकायच्या. शेवटी झाडाजवळच एक गुडघाभर उंचीचा, जमिनीत पक्का रोवलेला दगड होता, त्याला दोन वेढे देऊन दोरी आवळली. तंबू असा ताठ उभा राहिला की मी चार पावलं मागं जाऊन स्वतःलाच शाबासकी दिली. मग दगडाच्या पलीकडून कौतुकानं पाहायला गेलो. दगडाला पलीकडून शेंदूर होता. चांदीचे दोन डोळे होते. आणि माझी दोरी बरोबर त्याच्या गळ्यात होती.

दोरी सोडावी तर तंबू पडतो. न सोडावी तर देव पडतो. माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. नारळ काढला, हात जोडले, "चूक झाली, एक रात्र सांभाळून घे," म्हणून तो देवापुढं फोडला. मोकळ्या माळावर नारळ फुटल्याचा आवाज किती लांब जातो, याची मला कल्पना नव्हती.

काही वेळानं शेताकडून एक म्हातारा आला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात विळा. त्यांचं नाव रामाजी. गावात देवाधर्माचं त्यांच्याच विचारानं चाले, हे नंतर कळलं. त्यांनी फुटलेला नारळ पाहिला, गोवऱ्यांची पोती पाहिली, कणकेचं गाठोडं पाहिलं, मांडव पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"राम राम पाव्हणं. रोडग्याचा नवस फेडून राहिले वाटते?"

मी 'नाही' म्हणणार होतो. शब्द ओठावर होता. पण 'नाही' म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न कोणता असेल ते मला स्पष्ट दिसलं: मग देवाच्या गळ्यात दोरी काहून?

"हाव," मी म्हणालो.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की देवाला रोडग्याचा नवस बोललेला असला आणि काम झालं, की देवापाशीच रोडगे लावायचे आणि येईल त्याला जेवू घालायचं. बोलावणं करायचं नसतं. धूर दिसला की बोलावणं. रामाजींनी तोंडाशी हात धरून गावाकडं एक हाळी दिली. मी तिकडं लक्ष न देता चुलीशी बसलो होतो. चकमकीची कांडी मिळाली नव्हती म्हणून मनोहररावांकडून कानस आणली होती, तिच्यावर गारगोटी घासून मी पाऊण तास ठिणगी काढत होतो. ठिणगी माझ्या अंगठ्याला लागत होती, गोवरीला लागत नव्हती.

"काय करून राहिले हो?" रामाजींनी विचारलं.

"विस्तव."

त्यांनी कमरेची चंची सोडली. आतून बोटभर लोखंड, एक गार आणि चिमूटभर कापूस काढला. एक टिचकी. कापूस धुमसला. दोन फुंकरा. गोवरी पेटली. मी त्यांच्या हाताकडं पाहतच राहिलो. साहेब ज्या कांडीच्या चित्रावर बोट फिरवत असत, ती या माणसाच्या कमरेला तंबाखूशेजारी होती.

हाळी ऐकून गावातून आलेल्यांमधून बायजाबाई नावाच्या एक ठसठशीत बाई पुढं झाल्या, माझं गाठोडं सोडलं आणि हसत सुटल्या. "एवढुशा पिठात देव तरी जेवन का वं? जा गं पोरींनो, घरून कणीक आना. वांगे आना वावरातले." बघता बघता दीडशे माणसं जमली. गोपिका म्हणते, चाळीस असतील. ती तिथं नव्हती. बायका ताडपत्रीखाली कणीक मळायला बसल्या आणि मिरचीच्या वासानं शिंकू लागल्या. शिंकता शिंकता मळत होत्या, मळता मळता मला शिव्या देत होत्या, पण प्रेमळ.

दीडच्या सुमाराला जीप आली. साहेब खाली उतरले. हिरवा कोट, गळ्यात दुर्बीण, पाठीला पिशवी. दोघांच्या एकांतवासासाठी आलेल्या माणसासमोर जत्रा उभी होती.

"मानकर, ही मंडळी?"

"साहेब... जंगलातली."

साहेब रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांची नजर रामाजींच्या चंचीवर पडली आणि त्यांची पेन्सिल बाहेर आली. पुढचा तासभर ते त्या म्हाताऱ्याला सोडीनात. चकमक उलटीसुलटी करून पाहिली. पळसाच्या मुळ्या ठेचून त्याचा दोर कसा वळतात ते पाहिलं, स्वतः वळायला बसले आणि बोट अडकवून घेतलं. पत्रावळ लावायला शिकले. घोंगडी पाण्यात भिजवली तर किती वेळानं पाणी आत येतं, हे विचारून रामाजींची नवी घोंगडी तलावात बुडवली. रामाजी म्हणाले, "साहेब, तुम्ही लहानपनी बम मार खाल्ला असन." साहेब मनापासून "हो" म्हणाले.

पहिले रोडगे निघाले. पाहुण्याला आधी, म्हणून बायजाबाईंनी साहेबांपुढं पत्रावळ मांडली. "भाजले का नाही ते पाहून सांगा." साहेबांनी एक फोडला, तुपात बुडवला. डोळे मिटले. दुसरा फोडला. वांग्याची भाजी आली, तिखटानं कान लाल झाले, तरी तिसरा फोडला. चौथा अर्धा झाला होता, तेव्हा रामाजी उभे राहिले. पंगत बसली होती, पण एकाचाही हात पानाला लागला नव्हता.

"बोला पाव्हणं," रामाजी मला म्हणाले.

"काय बोलू?"

"नवस काय व्हता ते. देवावर हात ठेवून सांगा लागते. मंग लोक जेवतीन. आमच्या गावची रीत हाय."

दीडशे पानं. दीडशे भुकेली तोंडं माझ्याकडं वळलेली. साहेबसुद्धा अर्धा रोडगा हातात धरून कुतूहलानं पाहत होते. माझ्या डोक्यात एका क्षणात सहा थापा तयार झाल्या. आजारी मावशी, हरवलेली गाय, पोरगा व्हावा. सातवी येत होती. पण हात शेंदरावर ठेवला आणि सगळ्या विझल्या. आयुष्यभर मी माणसांना फसवत आलोय, पण त्याच देवाच्या गळ्यात दोरी घालून वर त्यालाच थाप मारायची, एवढी माझी छाती नव्हती.

"मी कायम व्हावं," मी म्हणालो. "सहा वर्षं झाली. दरवर्षी एक दिवस काढून टाकतात. त्या दिवशी मी खिडकीत उभा राहत नाही."

कुणी हसलं नाही. बायजाबाई म्हणाल्या, "अरे देवा."

साहेबांनी घसा साफ केला. "मानकर, मेळघाट?"

हात अजून शेंदरावरच होता. "परतवाड्यापर्यंत गेलो होतो, साहेब. लग्नाला."

"अस्वल?"

"सर्कशीत पाहिलं."

"त्याचा खोकला?"

"माझाच. त्या आठवड्यात होता."

साहेबांनी हातातल्या अर्ध्या रोडग्याकडं पाहिलं. माणूस ओळखल्याशिवाय रकाना न भरणाऱ्या साहेबांनी माणूस ओळखला होता, आणि तो खोटारडा निघाला होता.

"पाहून काय राहिले?" रामाजी पंगतीला म्हणाले. "जेवा. काम झालं बाबाचं."

"झालं कुठं?" साहेब म्हणाले. "फाईल माझ्या टेबलावर आहे. मी अजून सही केलेली नाही."

पंगतीतले पानाकडं गेलेले हात मागं आले. रामाजी सावकाश साहेबांकडं वळले.

"सही तुमची लागते?"

"हो."

"अन् नवसाचे रोडगे तुम्ही खाल्ले?"

"साडेतीन," बायजाबाईंनी मोजून सांगितलं.

"साहेब," रामाजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "नवस काम झाल्यावर फेडते. तुम्ही फेडलेल्या नवसाचं खाल्लं. म्हणजे काम झालं पाहिजे. नाही तं देव खोटा पडते. अन् तुमच्या पोटात खोटा रोडगा पडते."

"पडला तर काय होतं?"

हा प्रश्न साहेबांनी भिऊन विचारला नव्हता. मी ओळखतो तो आवाज. तो पेन्सिल काढायच्या आधीचा आवाज होता.

रामाजींनी बायजाबाईंकडं पाहिलं. बायजाबाईंनी पंगतीकडं. पंगतीनं एकमेकांकडं. शेवटी रामाजी म्हणाले, "काय व्हते ते कोनालेच नाही मालूम. आजवर तसं केलंच नाही कोनी."

साहेबांचे डोळे चमकले. ज्यांनी घोंगडी बुडवून पाहिली, ते रोडगासुद्धा बुडवून पाहतील! एका प्रयोगासाठी माझी नोकरी जाणार! साहेबांनी एकदा दगडाकडं पाहिलं, एकदा तलावाकडं, एकदा हात जोडून उभ्या असलेल्या माझ्याकडं. मग उरलेला अर्धा रोडगा हळूच पत्रावळीवर ठेवला.

"मानकर, सोमवारी सही घ्यायला या," ते म्हणाले. "आणि मंडळी, बसा, जेवून घ्या."

पंगत तुटून पडली. त्या रात्री साहेब माझ्या पिशवीत शिरले नाहीत. रामाजींच्या शेतात कडब्याच्या गंजीत शिरून ते सकाळपर्यंत घोरले, आणि सकाळी कानातून काडी काढत म्हणाले, कॅटलॉगात हे नाही. मी गोधडीत शिरलो. बाहेरून हुकं लावायला पहिल्यांदा माणसं होती, आणि सकाळी ती काढायची आठवण मात्र एकालाही राहिली नाही. पण ती निराळी गोष्ट.

सोमवारी मी टेबलावरची फाईल उघडून साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी तो रकाना पुन्हा वाचला. 'कर्मचारी विश्वासार्ह आहे काय?' मग लिहिलं, 'देवासमोर असल्यास, होय.' खाली सही.

फाईल वर गेली. महिन्याभरात मी कायम झालो आणि मला नवं टेबल मिळालं. त्या टेबलावर आलेलं पहिलंच पत्र वरच्या ऑफिसचं होतं. विषय, मानकर यांची फाईल. शेऱ्यात उल्लेखिलेले देव हे कोणत्या पदावर आहेत, कायम की तात्पुरते, याचा खुलासा उलटटपाली करावा.

साहेब म्हणाले, "तुम्हीच लिहा उत्तर. या वेळी हात कुठं ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी पेन उचललं. थाप सुचली नाही असं नाही. चांगल्या चार सुचल्या. पण मी जे होतं तेच लिहिलं, सदर देव तलावाकाठी पळसाखाली आहेत, कधीपासून ते गावात कुणालाच सांगता येत नाही, त्यांची बदली झाल्याची नोंद नाही आणि एक एप्रिललाही ते जागेवरच असतात, सबब कायम समजावेत.

पुन्हा विचारणा आली नाही.